वाटी रिकामी जाऊ नये

लढाईच्या त्या वर्षांत वाशीमला आमच्या गल्लीत एकही माणूस उपाशी झोपला नाही. याचं श्रेय सरकार कंट्रोलच्या दुकानांना देईल आणि देवभोळी माणसं बालाजीला देतील. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हे सगळं आमच्या सासूबाईंच्या पितळी वाट्यांनी केलं. सासूबाईंचा धर्म एका ओळीचा होता, तो म्हणजे कुणाची वाटी आपल्या घरून रिकामी परत जाऊ नये. शेजारणीकडून वाटीभर चटणी आली की ती वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी हवंच, हे आपल्याकडे सगळ्याच बायका पाळतात. पण बाकीच्या बायका ते जमेल तसं पाळत, सासूबाई मात्र सोवळं पाळावं तसं पाळत. आमच्या घरात एक फडताळ खास परक्या वाट्यांसाठी होतं. कोणती वाटी कुणाची हे त्यांना पोचे पाहून ओळखू येई, आणि घरात धान्य किती उरलंय यापेक्षा फडताळात वाट्या किती आहेत यावर त्यांची झोप अवलंबून असे. फडताळ भरलेलं असलं की त्या निवांत. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटे, बाईंना भांड्यांचा फार सोस आहे.

बरं, हा नियम माणसांपुरता असता तरी चाललं असतं. सासूबाई देवालाही सोडत नसत. सकाळी नैवेद्याची वाटी देव्हाऱ्यात ठेवायच्या, डोळे मिटायच्या, आणि वाटी उचलताना हळूच तिच्यात एक तुळशीचं पान टाकायच्या. एकदा मी पाहिलं आणि विचारलं, तर म्हणाल्या, "देवाकडून वाटी रिकामी कशी आणू? त्याले काही सुचत नाही, म्हणून त्याच्या वतीनं म्याच टाकतो. देवाची लाज आपणच राखा लागते, बाई." आणि घरात काहीच नसलं, म्हणजे अगदी कढीपत्त्याची काडीसुद्धा नसली, तरी त्यांचं अडत नसे. समोरच्या घरात शाळामास्तरांची बायको राहायची. आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणत असू. फार टापटिपीची बाई, तिच्या अंगणातली रांगोळीसुद्धा पट्टी लावून काढल्यासारखी असायची. तिच्या वाटीतून एकदा सासूबाईंनी चुलीतली राख पाठवली. आंब्याच्या लाकडाची, वस्त्रगाळ केलेली, पण शेवटी राखच. मास्तरीणबाई वाटी हातात धरून तशाच आल्या आणि म्हणाल्या, "हे काय समजायचं मी?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "दात घासा आन् मंग सांगा." मास्तरीणबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांची वाटी आली, तिच्यात चार लिंबं होती आणि निरोप होता की ती राख अजून थोडी असेल तर बरं होईल.

आमचे हे जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काटेवाले होते. कापसाच्या गाड्या आल्या की वजन करायचं काम. हात इतका बसलेला की पोतं उचललं की किती मणाचं ते सांगत. लढाई लागली, आणि आमच्या वऱ्हाडातला आखूड धाग्याचा कापूस घेणारं गिऱ्हाईक समुद्रापलीकडेच राहिलं. कापूस घरोघर पडून राहिला, जिनाचा भोंगा बंद झाला आणि एक दिवस यांना सांगितलं की पुढच्या हंगामाला पाहू. पुढचा हंगाम आला, पण भोंगा काही वाजला नाही. घरात गप्प बसलेला पुरुष काय असतो ते मी तेव्हा पाहिलं. जेवताना ताटाकडे पाहत नसत, माझ्याकडे तर नाहीच. सासूबाईंनी यावर उपाय काढला. रोज सकाळी, भोंगा वाजायचा त्याच वेळेला, त्या यांच्या हातात फडक्यात बांधलेली भाकर देत आणि म्हणत, "चाल, निंघ." "कुठं जाऊ, माय? जीन बंद हाय." "जीन बंद हाय, रस्ता तं बंद नाही ना? माणूस दिवसभर घरात बसला का घराचं तोंड उतरते. जिनाच्या फाटकापाशी जाऊन बस, चार लोकांत भाकर खाय आन् ये." हे जात. फाटकापाशी आणखी दहा-बारा जण आपापली फडकी घेऊन बसलेले असत. मला वाटतं प्रत्येकाच्या घरी एकेक सासूबाई असावी.

घराचा गाडा कसा चालला, असं मला पुढं पुष्कळ जणींनी विचारलं. माझ्याकडे उत्तर एकच आहे. आमच्याकडे अंबाडी होती, चिंच होती, उन्हाळ्यात घातलेल्या मूगवड्या आणि कुरड्या होत्या. मास्तरीणबाईंकडे नियमानं येणारा पगार होता, पण वाळवण घालायची हौस नव्हती. शेजारच्या मुसलमान घरात खाला राहायच्या. त्यांचा नवरा गाद्यांचा कापूस पिंजायचा. लढाईत नवी गादी कोण भरणार? पण त्यांच्याकडे शेवया होत्या आणि एक काळी बकरी होती. सासूबाईंनी या सगळ्याला फिरतं ठेवलं. आमच्या वड्या मास्तरीणबाईंकडे, त्यांचं तेल आमच्याकडे, आमची चिंच खालांकडे, त्यांच्या शेवया मास्तरीणबाईंकडे. परक्याच्या घरचं, त्यातून खालांच्या घरचं, चालतं का, असं गल्लीतल्या एका म्हातारीनं विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पितळीले इटाळ नसते, आजी. राखेनं घासली का झाली नवी."

एकदा गुळाची फार गंमत झाली. घरात शेवटचा एक खडा उरला होता, त्यात उसाची एक चोयटी, सालीची बारीक काडी, अडकलेली. पाहुण्यांपुढे काय ठेवायचं म्हणून मास्तरीणबाई अडल्या होत्या, तर सासूबाईंनी तो खडाच वाटीत घालून पाठवला. पुढं आठवडा गेला आणि खालांकडून वाटी आली. तिच्यात गुळाचा खडा, आणि त्यात तीच चोयटी! हा गूळ मास्तरीणबाईंकडून कुणाकडे, तिथून कुणाकडे असा सगळी गल्ली फिरून आला होता. प्रत्येकीनं नखानं थोडा खरवडून घेतला होता आणि उरलेला पुढच्या वाटीत घातला होता. यांनी तो तळहातावर घेतला, हात थोडा वरखाली केला आणि म्हणाले, "माय, हा तं आपलाच गूळ! आन् निम्मा झाला." सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. "आपला कसा? गेला तवा आपला होता. आता पाहुणा म्हणून आला. किती घरचा चहा गोड करून आला तो, ते नाही दिसत तुले? वाटीले तोलत नसतात, बाबू." यांना ते पटलं नव्हतं. ज्या माणसाचा जन्म काट्यापुढे गेला, त्याला न तोललेलं काहीही म्हणजे अंगावर आलेला उपकारच वाटतो.

त्याच साली मला दिवस गेले. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, रिसोडला माहेर होतं ते नावाला, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. लहानखुरा, मूठभर, रडायचा तेव्हा मांजराचं पिल्लू म्यावल्यासारखं वाटायचं. डिंक, खोबरं, खारीक या वस्तू बाजारात दिसेनाशा झाल्या होत्या, आणि मला दूध पुरेना. सुईणीनं माझ्याकडे आणि पोराकडे पाहिलं आणि सासूबाईंना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही, पण सासूबाईंचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालांची वाटी आली. तिच्या काठाला एक खाच होती. वाटीत काळ्या बकरीचं दूध होतं, फडक्यानं झाकलेलं. त्यात पाणी घालून, कापसाच्या बोळ्यानं सासूबाई पोराला ते पाजत. परत जाताना त्या वाटीत बकरीसाठी तुरीची चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, जाई, कधी भाजीची देठं. रोज सकाळी दूध यायचं, रोज चुनी जायची. पोराचा आवाज हळूहळू मांजरावरून माणसावर आला.

आणि मग आमच्या यांनी ती गोष्ट केली. फाटकापाशी कुणीतरी थट्टेनं म्हणालं होतं, "तुमचं काय, बुवा, तुमाले सारी गल्ली पोसते." एवढंच. हे भर दुपारी घरी आले. सासूबाई धुणं घेऊन तलावावर गेल्या होत्या. मी खोलीत बाजेवर पडले होते, मला फक्त भांड्यांचा आवाज ऐकू आला. यांनी फडताळातल्या झाडून सगळ्या परक्या वाट्या काढल्या, स्वच्छ धुतल्या, पुसल्या आणि टोपलीत घालून दारोदार नेऊन दिल्या. रिकाम्या. प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाले, "घ्या, आता तुमचं आमच्याकडं काही नाही." काटा बरोबर मध्ये आला की त्यांना जसं समाधान वाटायचं, तसं समाधान चेहऱ्यावर घेऊन ते परत आले.

आता आमच्याकडे रिकामं भांडं परत करतात ते दोनच वेळा. एक सुतकात आणि दुसरं जन्माचं भांडण झाल्यावर. मास्तरीणबाई खिडकीतून डोकावून पाहत होत्या की आमच्याकडे कोण गेलं. सासूबाई तलावावरून आल्या, धुणं खाली ठेवलं आणि त्यांची नजर फडताळाकडे गेली. हे अभिमानानं म्हणाले, "माय, सारं फिटलं." सासूबाई मटकन खालीच बसल्या. इतकी वर्षं त्या घरात मी त्यांना अशी बसलेली तेवढी एकदाच पाहिली. "फिटलं?" त्या म्हणाल्या. "अरे येड्या, फिटलं म्हणजे तुटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं नाही. वाट पाहून पाहून मी पोराच्या तोंडात मधाचं बोट दिलं, त्यानं ते चोखलं आणि पुन्हा मांजरासारखा रडायला लागला. तो आवाज बाहेर ओसरीवर यांना ऐकू जात होता. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्या दिवशी ते भाकर न घेताच उठले आणि फाटकाकडे न जाता नुसते अंगणात फिरत राहिले. मला त्यांचा राग आला होता. खोटं कशाला सांगू, त्या सकाळी मला त्यांचं तोंड पाहावंसं वाटत नव्हतं.

सासूबाईंनी पदर खोचला आणि बाहेर पडल्या. मला वाटलं, आता दारोदार हात जोडतील, मुलाचं चुकलं म्हणतील. छे! त्या भांडायला गेल्या होत्या. त्यांचा आवाज मला बाजेवरून स्पष्ट ऐकू येत होता. "तुमी रिकामी वाटी घेतली कशी?" पहिला हल्ला मास्तरीणबाईंवर. "देणारा येडा हाय, त्याले तोलाचं कळते, वाटीचं कळत नाही. पण घेणाऱ्या तुमी तं शायन्या ना? रिकामी वाटी हातात घेतानी हात नाही कापला तुमचा?" मास्तरीणबाई म्हणत होत्या, "अहो, पण त्यांनीच आणून दिली..." "मंग त्याच्या टाळक्यात काहून नाही हानली?" असं करत करत त्या खालांच्या दारात पोचल्या, आणि तिथं मात्र आवाज खाली आला. खाला दारात येऊन हळू बोलत होत्या. "म्या समजलं, बाई, पोराले आमच्या घरचं दूध नको झालं. कोणी काही बोललं असंल. म्या म्हटलं, ज्याची त्याची मर्जी." मग सासूबाई म्हणाल्या, "खाला, माह्या नातवाच्या अंगात तुमच्या घरचंच रगत हाय आता. नको कसं होईन?" एवढं म्हणून त्या परत आल्या. दूध मागितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मागून आणलं का ते भीक होते. थांब."

पोराचं बारसं अजून चार दिवसांवर होतं. सासूबाईंनी जाहीर केलं की पाळणा आज. पाळण्याच्या दिवशी आमच्याकडे घरोघर घुगऱ्या वाटतात, म्हणजे शिजवलेलं धान्य. त्यांनी कणगीत हात घातला, मग खांद्यापर्यंत हात घातला, आणि तळाची होती नव्हती ती सगळी ज्वारी काढून शिजत टाकली. हे चुलीपाशी येऊन उभे राहिले. "माय, उद्या काय?" "उद्याचं उद्या पाहू. आज तू चाल." आमच्या स्वतःच्या वाट्या त्यांनी घुगऱ्यांनी शिगोशीग भरल्या, टोपलीत मांडल्या आणि टोपली यांच्याच डोक्यावर दिली. "ज्या दारात रिकामा गेला, त्या दारात भरून जाय. आन् हातानं तोलू नको."

हे गेले. काल ताठ मानेनं गेलेला माणूस आज डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरत होता. खालांच्या दारात काय झालं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. वाटी पुढं केली. म्हणाले, "खाला, पोराचं नाव ठेवाचं हाय. तुमी नाही आल्या तं माय पाळण्याले हात लावू देत नाही." खाला वाटी घेऊन आत गेल्या.

दुपारी बायका जमल्या. मास्तरीणबाई कुंची आणि शेरभर तांदूळ घेऊन आल्या आणि नाक वर करून म्हणाल्या, "भांडायला आले नाही, पाळणा म्हणायला आले." बाकीच्याही आल्या, प्रत्येकीच्या हातात आमचीच वाटी, भरलेली. खाला सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांच्या हातात वाटी नव्हती, दोरी होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काळी बकरी. त्यांनी ती अंगणातल्या खुंट्याला बांधली आणि यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "वाटी पाठवतो तं तुमी वाटी रिकामी करून देता, बेटा. आता बकरीच राहू द्या इथी. पोऱ्या भाकर खाऊ लागला का मंग पाहू." यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी आतून पाहत होते, माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि पाळण्याचं गाणं सुरू झालं होतं. सासूबाई तेवढ्यात भानावर आल्या आणि म्हणाल्या, "बकरी ठेवून घेतो. पण एक सांगून ठेवतो खाला, तेही रिकामी परत येणार नाही." सगळ्या बायका हसल्या. सासूबाई हसत नव्हत्या. वर्षभरानं बकरी परत गेली तेव्हा ती गाभण होती.

पुढं लढाई संपली, जिनाचा भोंगा पुन्हा वाजला, हे पुन्हा काट्यावर उभे राहिले. पण घरी वाटी आली की ती हातात घेऊन वरखाली करायची त्यांची सवय गेली. दोन हातांनी घेत आणि फडताळात ठेवत. खालांची लेक हिंगोलीकडे दिली होती, निजामाच्या हद्दीत. नवरा गेल्यावर खाला तिच्याकडे राहायला गेल्या. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती, दोघी म्हाताऱ्या ओसरीवर बसून होत्या. काठाला खाच असलेली खालांची वाटी तेव्हा आमच्या फडताळात होती आणि आमची एक वाटी खालांच्या सामानात होती. दोघींनाही ते माहीत होतं. मी वाटी भरून आणायला उठले, तर सासूबाईंनी माझा पदर धरला. "राहू दे. आमची त्याह्यच्यापाशी, त्याह्यची आपल्यापाशी. सारं देऊन टाकलं का मंग येणार कायले?" खाला म्हणाल्या, "वोईच तं," आणि गाडीत चढल्या.

खाला परत आल्या नाहीत. मधल्या वर्षांत निजामाचं राज्य जाताना तिकडे मोठी धामधूम झाली, निरोप येईनात, मग निरोप आणणारी माणसंही राहिली नाहीत. सासूबाई मात्र दर सुगीला ती वाटी उतरवत, राखेनं लख्ख घासत, तिच्यातली जुनी ज्वारी पाखरांना घालत आणि नवी ज्वारी भरून ठेवत. ऐन वेळी खाला दारात आल्या आणि वाटी रिकामी निघाली, तर काय, म्हणून. अखेरच्या दुखण्यात त्यांना बोलणं जड जात होतं, तरी मला म्हणाल्या, "भरून ठेवजो, बाई." मी ठेवते.

बकरीच्या दुधावर वाढलेला माझा मुलगा आता चांगला आडवातिडवा गृहस्थ झाला आहे आणि बापाच्या वळणावर गेला आहे, सगळं नीटनेटकं, ज्याचं त्याला. परवा घर आवरताना त्याच्या हाताला ती वाटी लागली. "आई, ही आपली नाही वाटतं. कुणाची आहे? सांग, नेऊन देतो." मी त्याच्या हातातून ती काढून घेतली. दोन-चार दाणे खाली सांडले होते, ते वेचून पुन्हा आत घातले आणि वाटी जिथल्या तिथं ठेवली. म्हटलं, "आहे एकीची. ती न्यायला येणार आहे."